बदली नसलेला न्यायाधीश

तालुक्याच्या गावी ज्यांचे बालपण गेले त्यांनी मुन्सफसाहेबांचे बिऱ्हाड हलताना पाहिलेले असते. दर तीन वर्षांनी, शाळांचे निकाल लागून उन्हाळ्याची सुट्टी सुरू झाली की कोर्टामागच्या कौलारू बंगल्यापुढे मालमोटार उभी राही. ट्रंका, वळकट्या, सुतळीने बांधलेली कायद्याची पुस्तके आणि वृंदावनातून मुळासकट काढून पत्र्याच्या डब्यात लावलेली तुळस असा सारा संसार तिच्यावर चढे. नाझर, शिरस्तेदार आणि बेलिफ निरोपासाठी फाटकाशी उभे राहत. आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच त्याच बंगल्यात दुसऱ्या साहेबांचे तसेच सामान उतरे. न्याय देणारा मनुष्य परगावचा असावा, गावाशी त्याचे लागेबांधे जडण्यापूर्वीच तो तेथून हलावा, आणि मुन्सफाचा दिवाणी न्यायाधीश, दिवाणी न्यायाधीशाचा जिल्हा न्यायाधीश असे होत होत, दैवाने साथ दिली तर निवृत्तीपूर्वीची चार वर्षे त्याने उच्च न्यायालयात काढावी, हा आराखडा आपल्या मनात इतका पक्का बसलेला आहे की न्यायाधीशाच्या आयुष्याचा याहून निराळा काही क्रम असू शकेल, ही कल्पनाच आपल्याला चटकन येत नाही.

अमेरिकेच्या संघराज्यात तो क्रम अगदी निराळा आहे. तेथे फिर्याद प्रथम ज्याच्यापुढे येते, साक्षीदार ज्याच्यासमोर शपथ घेतात आणि खोटे बोलताना त्यांचा चेहरा कसा होतो हे ज्याला प्रत्यक्ष दिसते, त्या संघीय जिल्हा न्यायाधीशाच्या पदाला खालून येणारी कोणतीही शिडी नाही. १७८९ च्या कायद्याने ही न्यायालये प्रथम स्थापन झाली तेव्हा त्यांचे जिल्हे १३ होते. आज ते ९४ आहेत. न्यायाधीश होण्यास किती वय असावे, कोणती परीक्षा दिलेली असावी, याविषयी तेथील राज्यघटना एक अक्षरही बोलत नाही. राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवावे, सिनेटने त्यास संमती द्यावी, आणि चाळिशीच्या आसपासच्या एखाद्या वकिलाने एके दिवशी आपले दप्तर आवरून व्यासपीठावर जाऊन बसावे, एवढाच विधी. परंतु एकदा तो बसला की त्याची बदली नाही, त्याला निवृत्तीचे वय नाही, त्याचे वेतन कोणाला कमी करता येत नाही. वर्तन सचोटीचे आहे तोवर तो त्या जागी राहतो, आणि त्याला दूर करायचे तर प्रतिनिधिगृहाने महाभियोग आणावा व सिनेटने तो सिद्ध मानावा लागतो. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत संघाच्या सर्व प्रकारच्या न्यायाधीशांपैकी १५ जणांवर असा महाभियोग आला आणि आठ जण पदच्युत झाले.

या हमीचे मोल आपल्याकडच्या वाचकाला न्यायमूर्ती रानड्यांच्या चरित्रावरून चांगले उमगेल. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने पुणे हादरले, बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीत सापडले, आणि सरकारच्या मनात पुण्यातील प्रत्येक विचारी मनुष्याविषयी संशय दाटला. आदल्याच वर्षी पुण्याहून नाशिकला हलविलेल्या रानड्यांची आता धुळ्यास बदली झाली. त्यांच्या टपालावर तेथे पाळत होती, हे रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. रानड्यांनी कोणता निकाल चुकीचा दिला असा आरोप नव्हता. त्यांना विचारण्याचे कारण नव्हते आणि त्यांनी उत्तर देण्याचीही सोय नव्हती. हुकूम आला, सामान बांधले, नव्या ठाण्यावर रुजू झाले. ज्याच्या मर्जीवर बढती अवलंबून आहे त्याच सरकारविरुद्ध निवाडा लिहिताना मन स्थिर ठेवणे ही रानड्यांसारख्या पुरुषालाच साधणारी गोष्ट होती. सामान्य कुवतीच्या, संसारी न्यायाधीशाकडून ती अपेक्षा रोज करता येत नाही. म्हणून राज्यघटनेने त्याच्या पाठीशी उभे राहावे लागते.

ती पाठीशी उभी राहिली तर एक मनुष्य एका जागी बसून काय करू शकतो, आणि त्याची किंमत त्याला कशी मोजावी लागते, हे ज्याच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसते अशा एका न्यायाधीशाची हकीकत येथे सांगायची आहे. त्याचे नाव फ्रँक मिनिस जॉन्सन.

अलाबामा राज्याच्या उत्तरेस, डोंगराळ आणि दरिद्री विन्स्टन परगण्यात ३० ऑक्टोबर १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला. सात भावंडांत ते सर्वांत थोरले. या परगण्याची एक जुनी ख्याती आहे. १८६१ मध्ये गुलामगिरीच्या रक्षणासाठी अलाबामा संघराज्यातून फुटून निघाले तेव्हा येथील शेतकऱ्यांनी त्याला साथ देण्यास नकार दिला. त्यांच्यापाशी गुलाम फारसे नव्हते, मोठे मळे नव्हते आणि मळेवाल्यांच्या लढाईत मरण्याची हौसही नव्हती. त्यांचा प्रतिनिधी क्रिस्टोफर शीट्स याने फुटीरपणाच्या ठरावावर सही केली नाही, आणि 'विन्स्टनचे स्वतंत्र राज्य' हा शब्दप्रयोग तेव्हापासून थोड्या कौतुकाने, थोड्या हेटाळणीने रूढ झाला. उरलेले अलाबामा पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाचे राहिले, तर विन्स्टनमध्ये लिंकनचा रिपब्लिकन पक्ष टिकला. जॉन्सन यांचे वडील त्याच पक्षाचे. शिक्षकी, शेती करून पुढे ते परगण्याच्या वारसा-न्यायालयाचे न्यायाधीश झाले. आईचे नाव होते अलाबामा. ज्या राज्याच्या गव्हर्नरांशी, विधिमंडळाशी आणि पोलिसांशी पुढे चोवीस वर्षे या मुलाचे वितुष्ट जडायचे होते, त्या राज्याचे नाव आईच्या रूपाने त्याच्या घरातच होते.

रूथ जेन्किन्स या विन्स्टनच्याच मुलीशी १९३८ मध्ये विवाह. मग अलाबामा विद्यापीठात कायद्याचे शिक्षण, १९४३ मध्ये पदवी. विद्यापीठात त्याच सुमारास बार्बर परगण्याचा एक ठेंगणा, चपळ, वाचाळ मुलगा शिकत होता, त्याच्याशी या जोडप्याची चांगली ओळख होती. त्याचे नाव जॉर्ज वॉलेस. पदवीनंतर जॉन्सन पायदळात गेले, नॉर्मंडीच्या रणांगणावर जखमी झाले, आणि बरे झाल्यावर त्यांना इंग्लंडमध्ये लष्करी न्यायालयात वकिलीचे काम मिळाले. लिचफील्डच्या लष्करी बंदिशाळेतील कैद्यांना अमानुष मारहाण केल्याचा आरोप असलेल्या पहारेकऱ्यांचा बचाव त्यांनी केला, आणि शिपायाला शिक्षा करून सुटका नाही, हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत गेले पाहिजे, हा आग्रह तेथे धरला. जबाबदारीचा माग वरपर्यंत काढण्याची ही सवय पुढे त्यांच्या निकालपत्रांत जागोजाग आढळते.

युद्धानंतर जॅस्पर गावी सात वर्षे वकिली. १९५२ च्या निवडणुकीत त्यांनी अलाबामातील माजी सैनिकांमध्ये आयझेनहॉवर यांचा प्रचार केला, आणि आयझेनहॉवर निवडून आल्यावर, १९५३ मध्ये, बर्मिंगहॅम येथे संघाचे सरकारी वकील म्हणून त्यांची नेमणूक झाली. येथे आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. अमेरिकेत संघीय न्यायाधीशपदाची वाट पुष्कळदा पक्षकार्याच्या अंगणातूनच जाते, आणि जॉन्सन यांची वाटही तशीच गेली. डेमोक्रॅटिक अलाबामात रिपब्लिकन वकील मुळातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके; रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाला नेमणूक करायची तर निवड करण्यास वाव थोडा. आपल्याला ही पद्धत रुचणार नाही, मलाही ती पूर्णपणे रुचत नाही. तथापि कोणत्या दाराने माणूस आत आला याहून आत आल्यावर ते दार त्याच्या पाठीमागे बंद झाले की उघडे राहिले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा, असे हे चरित्र वाचताना वाटू लागते.

सरकारी वकील असतानाच्या दोन वर्षांतला एक खटला सांगण्यासारखा आहे. समटर परगण्यातील गोरे जमीनदार भाऊ तुरुंगातील काळ्या कैद्यांचे दंड भरीत आणि त्या कर्जाच्या फेडीपोटी त्यांना आपल्या शेतावर गुरांप्रमाणे राबवीत. त्यांपैकी एक जण चाबकाच्या माराने मेला. गुलामगिरी कायद्याने जाऊन नव्वद वर्षे होत आली होती. जॉन्सन यांनी हा खटला चालविला आणि अलाबामातील गोऱ्या ज्यूरीकडून १९५४ मध्ये त्या भावांना दोषी ठरवून घेतले.

१९५५ च्या ऑक्टोबरात आयझेनहॉवर यांनी त्यांना अलाबामाच्या मध्य जिल्ह्याचे न्यायाधीश नेमले, ७ नोव्हेंबरला मॉन्टगोमेरी येथे त्यांनी शपथ घेतली, आणि सिनेटची संमती पुढच्या ३१ जानेवारीला मिळाली. वय ३७. या जिल्ह्याला तेव्हा दुसरा न्यायाधीश नव्हता. म्हणजे राज्याच्या राजधानीत संघराज्याचा कायदा म्हणून जो काही होता तो या एका उंच, सडपातळ, तंबाखू चघळणाऱ्या डोंगरी माणसाच्या मुखातून बोलणार होता. समोर हातोडा ठेवण्याची त्यांना गरज भासली नाही. चष्म्याच्या वरच्या कडेवरून त्यांनी नुसते पाहिले की न्यायालय गप्प होई, असे तेथे वकिली केलेले लोक सांगतात.

शपथविधीला महिना पुरा व्हायच्या आत, १ डिसेंबर १९५५ रोजी, त्याच शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूला देण्यास नकार दिला. त्यानंतर काळ्या रहिवाशांनी बसवर घातलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि त्याचे नेतृत्व करणाऱ्या तरुण धर्मोपदेशकाचे, मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. परंतु बसमधला भेद कायद्याने ज्या दाव्यात संपला त्याच्या वादींची नावे फारशी कोणाला ठाऊक नसतात: ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कोल्व्हिन, सूझी मॅकडोनल्ड आणि मेरी लुईज स्मिथ. यांपैकी कोल्व्हिन ही शाळकरी मुलगी रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी याच कारणासाठी पकडली गेली होती.

राज्याच्या कायद्याला घटनेच्या आधारे आव्हान असल्याने दावा तीन न्यायाधीशांपुढे चालला: अपील न्यायालयाचे रिचर्ड राइव्ह्ज, उत्तर जिल्ह्याचे सीबर्न लिन आणि जॉन्सन. ११ मे १९५६ रोजी साक्षी संपल्यावर तिघे आतल्या खोलीत गेले. कनिष्ठाने आधी बोलावे अशी रीत. राइव्ह्ज यांनी जॉन्सनना विचारले. सहा महिन्यांचा हा न्यायाधीश म्हणाला की सरकारी हुकमाने केलेला असा भेद घटनेत बसत नाही, आणि त्यात मला अडचण दिसत नाही. राइव्ह्ज त्यांच्या बाजूचे झाले. लिन यांनी विरोध केला, आणि तो विरोध तुच्छ लेखण्यासारखा नव्हता: १८९६ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या डब्यांतला भेद मान्य केला होता, १९५४ च्या निवाड्याने तो केवळ शाळांपुरता मोडला, मग खालच्या न्यायालयाने वरच्या न्यायालयाचा जुना निवाडा आपणच मेलेला समजावा काय? जॉन्सन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे सारी चर्चा दहा मिनिटांत आटोपली. ५ जूनला दोनास एक मताने निकाल जाहीर झाला, १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

दहा मिनिटांच्या त्या संभाषणाची फेड दोघांनाही वर्षानुवर्षे करावी लागली. राइव्ह्ज मॉन्टगोमेरीचेच, त्यांच्या तरुण मुलाचे अपघाती निधन झालेले होते, त्या मुलाच्या थडग्यावर कोणी घाण टाकून गेले. जॉन्सन यांच्या अंगणात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेच्या लोकांनी क्रूस जाळला. शिव्यांची पत्रे, मध्यरात्रीचे टेलिफोन, मेजवान्यांची आमंत्रणे बंद. आपल्या मुन्सफाला निदान तीन वर्षांनी दुसरे गाव मिळते. या न्यायाधीशाला याच गावात भाजी आणायची होती, याच गावात मुलाला शाळेत घालायचे होते. घटनेच्या ज्या कलमाने त्याला कोणी हलवू शकत नव्हते, त्याच कलमाने तो जखडलाही गेला होता.

आणि तरीही हा मनुष्य काळ्यांचा पक्षपाती होता असे समजणे ही त्याची विटंबना होईल. १९५७ मध्ये विधिमंडळाने टस्कीगी शहराची चौकोनी हद्द बदलून तिची २८ बाजूंची एक विचित्र आकृती केली, आणि त्या कात्रीने सुमारे चारशे काळ्या मतदारांपैकी चार-पाच वगळता बाकी सारे शहराबाहेर काढले. दावा जॉन्सन यांच्यापुढे आला. शहराच्या सीमा ठरविण्याच्या राज्याच्या अधिकारात न्यायालयाने पडू नये असे जुने निवाडे होते; जॉन्सन यांनी ते शिरोधार्य मानून दावा काढून टाकला. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निर्णय फिरविला, आणि मग जॉन्सन यांनीच ती हद्द रद्द केली. माझ्या मते ते पहिल्या वेळी चुकले. पण वरिष्ठ न्यायालयाचा शब्द आपल्या मनाविरुद्धही पाळणारा न्यायाधीश, अशी त्यांची जी प्रतिमा विरोधकांच्याही मनात राहिली, तिला अशा प्रसंगांचाच आधार होता.

जॉर्ज वॉलेस आता बार्बर आणि बुलक परगण्यांचे राज्य-न्यायाधीश झाले होते, आणि १९५८ ची गव्हर्नरपदाची निवडणूक हरल्यामुळे पुढच्या खेपेसाठी कीर्तीच्या शोधात होते. नागरी हक्क आयोगाने मतदारनोंदणीची दप्तरे मागितली. वॉलेस यांनी ती आपल्या ताब्यात घेऊन देणार नाही अशी गर्जना केली. जॉन्सन यांनी ती दाखविण्याचा हुकूम काढला. १९५९ च्या जानेवारीत एका रात्री वॉलेस गुपचूप आपल्या जुन्या सहाध्यायाच्या घरी आले आणि थोडीशी बेअदबीची शिक्षा देऊन आपली लाज राखावी अशी त्यांनी गळ घातली. जॉन्सन यांनी सांगितले की दप्तरे न दिल्यास शिक्षा होईल ती भरपूर होईल. वॉलेस यांनी दप्तरे ग्रँड ज्यूरींच्या हवाली केली आणि त्यांच्या मार्फत ती आयोगाला पोचू दिली. जॉन्सन यांनी त्यांना निर्दोष सोडले, आणि सोडताना लिहिले की अवज्ञेचा देखावा करून या गृहस्थाने आडमार्गाने हुकूम पाळलेला आहे. वॉलेस १९६२ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आले. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक सभेत या न्यायाधीशाला शिवी असे.

मॉन्टगोमेरीच्या संघीय न्यायालयाची इमारत आणि ग्रेहाउंड कंपनीचा बसथांबा यांच्या भिंती एकमेकींना लागून होत्या. २० मे १९६१ रोजी या बसथांब्यावर, आंतरराज्य बसमधून एकत्र प्रवास करणाऱ्या काळ्या-गोऱ्या तरुणांवर जमाव तुटून पडला, आणि शहराचे पोलीस मात्र वेळेवर आलेच नाहीत. न्याय खात्याचा एक अधिकारी शेजारच्या संघीय इमारतीच्या खिडकीतून ते रक्तबंबाळ दृश्य पाहत वॉशिंग्टनला टेलिफोनवर सांगत होता. जॉन्सन यांनी क्लॅनला आणि पोलिसांना, दोघांनाही मनाईहुकूम बजावला. आणि त्याच वेळी प्रवासी चळवळीच्या चालकांनाही तात्पुरता प्रतिबंध केला. चळवळीतले लोक यामुळे नाराज झाले.

हीच तुला १९६५ च्या मार्चमध्ये सर्व जगाने पाहिली. सेल्मा गावाहून मतदानाच्या हक्कासाठी राजधानीकडे पायी निघालेल्या लोकांना ७ मार्चच्या रविवारी पुलावर राज्याच्या पोलिसांनी आणि शेरीफच्या घोडेस्वारांनी तुडविले, अश्रुधुराने कोंडले, सोट्यांनी झोडपले. दुसऱ्या दिवशी किंग यांचे वकील न्यायालयात आले आणि सरकारला अडविणारा हुकूम ताबडतोब, सुनावणीशिवाय मागू लागले. जॉन्सन यांनी तो दिला नाही. उलट सुनावणी होईपर्यंत मोर्चा काढू नये असे त्यांनी ९ मार्चला फर्माविले, आणि त्या दिवशी किंग दोन हजार लोकांसह पुलापर्यंत गेले, गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली आणि ते मागे फिरले. ज्यांच्या डोक्याची जखम अजून ओली होती त्यांना थांबायला सांगणे कठोरच होते. पण प्रतिवादीचे म्हणणे ऐकल्यावाचून हुकूम न देण्याच्या या हट्टामुळे आठ दिवसांनी जो हुकूम निघाला त्यावर बोट ठेवायला कोणालाही जागा उरली नाही.

११ मार्चपासून सुनावणी सुरू झाली. वादींनी मोर्चाचा तपशीलवार बेत सादर केला: किती माणसे, रोज किती मैल, मुक्काम कोठे, पाणी व औषधपाणी कसे. न्यायालयात दिवे मालवून पुलावरच्या हल्ल्याची चित्रफीत दाखविली गेली. ती संपल्यावर न्यायाधीशांनी काही न बोलता कामकाज थोडा वेळ तहकूब केले. १७ मार्चच्या निकालात त्यांनी एक तत्त्व मांडले, ते असे की सार्वजनिक रस्त्यावर जमून गाऱ्हाणे मांडण्याच्या हक्काची मर्यादा ही सोसलेल्या अन्यायाच्या मानाने ठरली पाहिजे. येथील अन्याय प्रचंड आहे, म्हणून हक्काचे मापही तितकेच मोठे असावे. सर्व कायदेपंडितांना हे तत्त्व पटले नाही; हक्काचे माप अन्यायाच्या वजनावर काढू लागलो तर उद्या ते वजन कोण करणार, ही शंका रास्तच होती. परंतु त्या अन्यायाचे रूप ध्यानी घ्यावे. ज्या लाउन्ड्झ परगण्यातून मोर्चा जायचा होता तेथे काळ्यांची बहुसंख्या असूनही १९६५ च्या आरंभी एकाही काळ्या माणसाचे नाव मतदारयादीत नव्हते. रस्ता जेथे अरुंद होतो तेथे मोर्चेकरी तीनशेच असावेत, ही अटही हुकमात होती. २१ मार्चला मोर्चा निघाला, ५४ मैल चालून २५ तारखेला तो राजधानीत आला तेव्हा त्यात सुमारे पंचवीस हजार माणसे होती. आपल्याला दांडीची आठवण व्हावी असे ते दृश्य होते.

त्याच रात्री, मोर्चेकऱ्यांना मोटारीने परत पोचविणाऱ्या डेट्रॉइटच्या व्हायोला लिउझो या पाच मुलांच्या आईला क्लॅनच्या लोकांनी गोळी घातली. राज्याच्या न्यायालयात मुख्य आरोपीवरील पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही, दुसऱ्यात तो सुटला. मग संघाने १८७० च्या कायद्याखाली तिघांवर कटाचा खटला जॉन्सन यांच्यापुढे भरला. ही ज्यूरीही सगळी गोरी. एकमत होत नाही असे तिने कळविले तेव्हा जॉन्सन यांनी तिला पुन्हा समजावून खोलीत परत पाठविले, आणि ३ डिसेंबर १९६५ रोजी तिघेही दोषी ठरले. कायद्याने देता येईल तेवढी, दहा वर्षांची शिक्षा त्यांना झाली. नानावटी खटल्यातला ज्यूरीचा कौल ज्यांना आठवतो त्यांना, ज्यूरीला न दटावता तिच्या शपथेची आठवण देणे ही किती नाजूक कला आहे हे कळेल.

२५ एप्रिल १९६७ च्या रात्री जॉन्सन यांच्या आईच्या मॉन्टगोमेरीतील घरात बॉम्ब फुटला. घराची पडझड झाली, त्या बचावल्या, आणि त्यांनी गाव सोडले नाही. येथे रामशास्त्री प्रभुणे आठवतात. राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुणे सोडून वाईजवळच्या एका गावी निघून गेले, आणि तो त्याग आपल्या इतिहासात अजरामर झाला, तो यथार्थच. जॉन्सन यांना मात्र निघून जाण्याची मुभा स्वतःच्या मनाने दिली नाही. ते गेले असते तर त्यांच्या जागी कोण बसते हे त्यांना पुरते ठाऊक होते. १९७५ मध्ये त्यांच्या एकुलत्या एका दत्तक मुलाने आत्महत्या केली. घराच्या मागे सुतारकामाची खोली होती. तेथे ते लाकडाची उंच उभी घड्याळे तयार करीत.

त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत वादग्रस्त आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग १९७० नंतरचा आहे. टस्कलूसा येथील ब्राइस मनोरुग्णालयात सुमारे पाच हजार रोगी कोंबलेले होते. सिगारेटवरील कराचे उत्पन्न घटले म्हणून सरकारने तेथील ९९ कर्मचारी काढले, आणि त्यांनी नोकरीसाठी केलेल्या दाव्यातून रोग्यांचा प्रश्न पुढे आला. वादी म्हणून रिकी वायट या पंधरा वर्षांच्या मुलाचे नाव होते. त्याला कोणताही मानसिक रोग नव्हता, तो उनाड होता म्हणून त्याला तेथे टाकलेले होते. रोग्याच्या जेवणावर दिवसाला ५० सेंट खर्च होत. मतिमंदांच्या पार्टलो संस्थेत एका व्यक्तीला बोटे चोखण्याची सवय मोडावी म्हणून नऊ वर्षे हात बांधणाऱ्या जाकिटात ठेवले होते, हे साक्षीत निघाले.

मार्च १९७१ मध्ये जॉन्सन यांनी जो विचार मांडला तो अत्यंत साधा आहे. या लोकांनी गुन्हा केलेला नाही. त्यांच्यावर खटला चाललेला नाही. उपचार करू, एवढ्याच सबबीवर राज्याने त्यांचे स्वातंत्र्य हिरावले आहे. तर उपचारच मिळत नसल्यास त्यांना कोंडून ठेवण्याचा राज्याला आधार काय? राज्याला सहा महिन्यांची मुदत दिली, ती वाया गेली, आणि १३ एप्रिल १९७२ च्या हुकमात न्यायाधीशांनी किमान मर्यादाच लिहून दिल्या: आठ रोग्यांमागे एक शौचकूप, पंधरांमागे एक स्नानाची जागा, अमुक रोग्यांमागे इतके डॉक्टर, इतक्या परिचारिका. १९७६ च्या जानेवारीत तुरुंगांविषयी त्यांनी असाच हुकूम काढला. ड्रेपर येथील शिक्षेच्या कोठड्या चार फूट बाय आठ फूट होत्या आणि त्या एकेका कोठडीत सहा-सहा माणसे कोंबलेली होती.

न्यायाधीशाने शौचकूप मोजावेत काय, असा प्रश्न तेव्हा अलाबामात विचारला गेला आणि तो आपल्याकडेही विचारला जाईल. कारभार करणे हे सरकारचे काम, निवाडा करणे हे न्यायालयाचे. ही सीमा मीही मानतो. परंतु येथे सरकारला आधी मुदत दिली होती, त्याच्याकडून योजना मागविली होती, तज्ज्ञांना बोलाविले होते. ज्यांना मत नाही, ज्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढणार नाही, अशा माणसांची दाद इतर कोणत्याही दारी लागत नव्हती. अशा वेळी निवाडा देऊन हात झटकणे म्हणजे निवाडा न देणेच होय.

रिपब्लिकन निक्सन यांच्या काळात सर्वोच्च न्यायालयासाठी जॉन्सन यांचे नाव विचारात आले, पण अलाबामातील त्यांच्याच पक्षाच्या पुढाऱ्यांनी ते हाणून पाडले. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्यांना एफबीआयचे संचालक नेमण्याचे ठरविले. रक्तवाहिनीच्या विकाराने शस्त्रक्रिया करावी लागली आणि नाव मागे घेतले. १९७९ मध्ये ते अपील न्यायालयात गेले. आपल्या हिशेबाने ही बढती. तेथेही त्यांनी उत्तम काम केले, पण तेथे साक्षीदार नसतात, समोर कागद असतात. १९९२ मध्ये मॉन्टगोमेरीच्या न्यायालयाला त्यांचे नाव दिले गेले, १९९५ मध्ये राष्ट्राचे सर्वोच्च नागरी पदक मिळाले, आणि २३ जुलै १९९९ रोजी त्याच शहरात त्यांचे निधन झाले. दफन विन्स्टनच्या डोंगरात, हेलीव्हिल येथे केले.

ब्राइस रुग्णालयाचा दावा त्यानंतरही चालूच होता. एकामागून एक गव्हर्नर आले, तपासनीस नेमले गेले, मर्यादा पाळल्याचे अहवाल दाखल झाले, आणि डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाने तो निकाली काढला. तोपर्यंत त्याला ३३ वर्षे झाली होती.